भाड्यात शिवलेला कोट

२ मे

बारक्या,

तीन वेळा फोन लावला, तिन्ही वेळा तू कापलास. ठीक आहे. पत्र कापता येत नाही. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस वाचतोच, आणि तू तर लहानपणी औषधाच्या बाटल्यांवरची लेबलंसुद्धा वाचून काढायचास.

घराचं खरेदीखत बारा एप्रिलला झालं. तू पाठवलेलं मुखत्यारपत्र चाललं. सोबत एक ओळ तरी असेल म्हणून मी पाकीट दोनदा उलटं करून झटकलं. नव्हती. तुझ्या वाट्याचे पैसे तुझ्या खात्यात गेलेत, बँकेचा कागद जोडला आहे. घेणारे कोण, तर आपल्या समोरचे औषधवाले. वरच्या तीन खोल्यांत त्यांची लेक दवाखाना काढणार आहे. खाली शिंपीकाका भाडेकरू म्हणून राहतील असं ठरलं आहे. वर आता गवंडी लागलेत, आणि काका इस्त्री केलेल्या कपड्यांवर जुनी चादर टाकून बसतात.

आता काम. काकांनी तू जाताना दिलेला लांब कोट आहे ना, त्याच्या डावीकडच्या आतल्या खिशाच्या अस्तरामागे कापडाची एक पट्टी शिवलेली आहे. चार बोटं लांब, पांढरी, तिच्यावर काळ्या शाईनं लिहिलेलं. ती मला हवी आहे. खिशाची खालची टीप सुईनं उसव, कात्री लावू नकोस, अस्तर फाटेल. पट्टी काढ आणि रजिस्टर्ड पोस्टानं पाठव. काकांच्या भाड्यावरून थोडा घोळ झाला आहे, त्यासाठी लागते आहे. सविस्तर नंतर.

कोट विकला असशील तर तसं लिही. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण ते इथल्या इथे.

ताई

---

२० मे

बारक्या,

तुझं पत्र मिळालं. साडेचार ओळी. मोजल्या, कारण मोजायला वेळच लागला नाही. ‘कोट काकांनी मला प्रेमाने दिला होता. माझं माप न घेता, नुसत्या नजरेने शिवला होता. त्याचा तुमच्या भाड्याशी काय संबंध? घर विकून झालं, आता कोटही पाहिजे का?’ आणि खाली सहीसुद्धा नाही.

‘तुमच्या’ हा शब्द मी दोनदा वाचला. असो.

बस. खुर्चीत नीट बस आणि मग पुढचं वाच. कोट काकांनी दिलेला नाही. बाबांनी शिवून घेतला.

तुला ते जेवण आठवत असेलच. बाबांनी सगळ्यांसमोर पाण्याचा पेला आपटून सांगितलं होतं, ‘जायचंय त्यानं जावं. माझ्याकडून एक छदाम मिळणार नाही.’ मग तू निघेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलला नाहीत. तुम्ही दोघं एकाच दगडाचे. पण त्यानंतर चौथ्या दिवशी बाबा खाली दुकानात गेले, आणि मी त्यांच्याबरोबर होते. ते काकांना म्हणाले, ‘पोरगा बर्फात चाललाय आणि त्याच्याकडे एक धड स्वेटर नाही. मी तर देणार नाही म्हणून बसलोय. आता तू काहीतरी कर.’ काका म्हणाले, ‘करतो. पण कापडच भारी पडेल.’ बाबा म्हणाले, ‘पडू दे. भाड्यात धर.’

असं ते ठरलं. एक लांब लोकरी कोट, दोन सूट, सहा शर्ट. कापड काकांनी स्वतः तीन दुकानं फिरून आणलं. सगळं मिळून चोवीस महिन्यांचं भाडं झालं. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेपासून दोन वर्षं काकांनी भाडं द्यायचं नाही, ते आधीच फिटलेलं. आणि तुला सांगायचं नाही, ही बाबांची अट. देणार नाही हा शब्दही मोडायचा नव्हता आणि पोराला थंडीत कुडकुडत ठेवायचंही नव्हतं. बाबांनी दोन्ही साधलं.

आणि नजरेनं माप घेण्याचं म्हणशील, तर तुझा निळा चौकड्यांचा शर्ट आठवतो? जो वाळत घातलेला दोरीवरून गेला आणि तू आठवडाभर शेजारच्या पोरांवर संशय घेत होतास? तो मी नेला. काकांनी तो पाटावर पसरून माप घेतलं, आणि परत आणून मी तो तुझ्याच कपाटात मागच्या बाजूला कोंबला. काकांची नजर चांगली आहे, पण इतकी नाही.

आता घोळ असा. घराचा मालक बदलला की भाडं त्या तारखेवर दोघांत वाटलं जातं. अकरा एप्रिलपर्यंतचं आपलं, तिथून पुढचं औषधवाल्यांचं. पण पुढचं तर बाबांनी आधीच घेतलं आहे, कोटाच्या रूपानं. ते सप्टेंबर अखेरीपर्यंतचं आहे. तेव्हा बारा एप्रिल ते तीस सप्टेंबर एवढं भाडं आपण दोघांनी औषधवाल्यांना द्यायला हवं होतं. वकीलबाईंनी मला हे दहा मिनिटांत समजावलं, आणि समजायला अवघड काही नाही. शेत विकलं आणि पीक आधीच कुणाला देऊन बसलो, तर घेणाऱ्याला ते सांगून त्याचं त्याला द्यावं लागतं, एवढंच.

ते दिलं गेलं नाही. खरेदीखतात एक वाक्य आहे, ‘भाडेकरूकडून कोणतेही आगाऊ भाडे घेतलेले नाही.’ त्या दिवशी वकीलबाई भराभर वाचत होत्या, बाहेर माणसं खोळंबली होती, पंखा कागद उडवत होता. ते वाक्य कधी आलं आणि गेलं ते माझ्या लक्षातच आलं नाही. खाली सही माझी, आणि तुझ्या वतीनंही माझीच.

मे लागल्यावर औषधवाले भाडं मागायला काकांकडे आले. काका म्हणाले, भरलेलं आहे. ते म्हणाले, पावती दाखवा. आता काकांची पावती कुठे असते ते तुला माहीत नसेल. काका वही ठेवत नाहीत. फार पूर्वी एकाच ताग्यातल्या दोन पँटी दोन गिऱ्हाइकांच्या निघाल्या आणि लांब कोणाची यावरून दुकानात मारामारी झाली. तेव्हापासून ते प्रत्येक कपड्यात एक पट्टी शिवतात. कपडा कोणी सांगितला, अंगावर कोणाच्या जायचा, आणि चुकता कसा झाला, रोख की उधार की आणखी कसा. हिशेब काकांकडे नसतोच, तो गिऱ्हाइकाच्या अंगावर फिरत असतो. आपली पावती तुझ्या अंगावर आहे. ती घालून तू दोन हिवाळे हिंडलास.

म्हणून पट्टी पाठव. ‘तुमच्या’ भाड्याशी हा संबंध आहे.

ताई

---

५ जून

बारक्या,

पंधरा दिवस झाले, तुझं काही नाही. पट्टी पोस्टात असेल असं धरून चालते. नसली तरी हे पत्र लिहायचंच होतं.

औषधवाल्यांनी काकांना नोटीस दिली. बारा एप्रिलपासूनचं भाडं भरा, नाहीतर तीस जूनला दुकान रिकामं करा. ते वाईट माणूस आहेत असं समजू नकोस. त्यांच्या हातात माझ्या सहीचा कागद आहे, त्यात लिहिलंय की आगाऊ काही घेतलेलं नाही. मग त्यांनी कागदावर विश्वास ठेवायचा की एका म्हाताऱ्याच्या तोंडच्या गोष्टीवर, की माझं भाडं मी एका कोटात शिवून परदेशी पाठवलंय? मी त्यांच्या जागी असते तर हसले असते. ते हसले नाहीत, एवढं त्यांचं श्रेय.

मग मी एक शहाणपणा केला. एप्रिलचे दिवस आणि मे महिना धरून पैसे पाकिटात घातले आणि औषधवाल्यांना नेऊन दिले, ‘काकांनी पाठवलेत’ म्हणून. वाटलं, दर महिन्याला असंच देत राहीन, सप्टेंबर संपेल, कोणाला काही कळणार नाही. पण औषधवाले दोन गोळ्या विकल्या तरी बिल फाडणारे. त्यांनी काकांच्या नावानं पावती केली आणि ती स्वतः जाऊन त्यांच्या हातात दिली.

काकांनी ती चष्मा लावून वाचली. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्याचं माप अर्धवट टाकलं, टेप गळ्यात तशीच ठेवून रस्ता ओलांडला, पावती परत केली, पैसे परत घेतले आणि तडक माझ्या घरी आले. दोन जिने चढून. धाप लागली होती म्हणून मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

‘पोरी, हे तू भरलंस?’

मी म्हटलं, ‘काका, थोडेच तर आहेत. तुमची जागा वाचते ना.’

‘जागा वाचेल. पण मी हे भाडं दिलंय. तेच पुन्हा दिलं, तर पहिल्यांदा दिलं नव्हतं असं होतं. मग तुझ्या बापानं मला काय सांगितलं आणि मी काय शिवलं? सगळंच खोटं ठरतं.’ त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. ‘तीस वर्षं त्या दुकानात बसलोय. थापाड्या म्हणून उठायचं नाही मला. उठवायचंच असेल तर खरा म्हणून उठवा.’

तुझे भाऊजी वर्तमानपत्र धरून बसले होते. ते खाली करून म्हणाले, ‘काका, पण असं लिहिलेलं तिनं सही करताना वाचलं नव्हतं. चूक झाली.’

काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘हो, चुका होतात,’ आणि उठले. बारक्या, त्यांना माहीत आहे. मला ते तिथेच कळलं. सुरुवातीपासून माहीत आहे, आणि महिनाभर त्यांनी माझं नाव कोणापुढे काढलेलं नाही. औषधवाल्यांना ते सहज म्हणू शकले असते, त्या मुलीला विचारा, ती तिथेच उभी होती. मूग गिळून बसले ते माझ्यासाठी.

तर आता मागच्या पत्रातली थाप दुरुस्त करते. वकीलबाई भराभर वाचत नव्हत्या. त्या सावकाश वाचतात, शाळेतल्या बाईंसारख्या. त्या वाक्याला त्या थांबल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘घेतलेलं नाही ना?’ आणि मी म्हटलं, ‘नाही.’ पंखाही उडवत नव्हता काही. पंखा बंद होता.

पैशांसाठी केलं असं वाटेल. पैसे ते किती, आपल्या दोघांत वाटले तर तुझ्या भाऊजींच्या एका पगाराएवढेही नाहीत. पैशांसाठी केलं असतं तर मला सांगायला सोपं गेलं असतं.

त्या बाईंना ‘हो, घेतलंय’ म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कशात घेतलं? मग ते खतात लिहावं लागलं असतं. अमुक वडिलांनी अमुक मुलासाठी कोट शिवून घेतला, त्यापोटी. त्याची प्रत तुला आली असती. ते मला नको होतं. तो कोट बाबांनी दिला हे तुला कधीच कळू नये असं मला वाटत होतं.

खरं सांगते, आता लपवून काय मिळवायचं आहे. तू गेलास आणि बाबांचं खालचं भाडं बंद झालं. त्यांचं वाणसामान, त्यांची औषधं, विजेचं बिल, सगळं माझ्याकडे आलं. आठ महिने मी पिशव्या भरून दोन गल्ल्या चालत गेले. कोट तुला, पिशव्या मला. आणि बाबा काय करायचे? संध्याकाळी गॅलरीत उभं राहून मला विचारायचे, ‘तिकडे आज किती अंश असेल गं?’ मी पिशव्या ठेवत असायचे. ‘तुझे हात दुखले का’ असं एकदाही नाही. ‘तिकडे किती अंश.’ माझा नुसता जळफळाट व्हायचा. तुला वाटायचं बाबांनी तुला टाकलं. मी म्हटलं, वाटू दे. एवढं तरी माझ्याकडे जास्त असू दे.

बाबा गेले त्या दिवशी तुझा फोन आला, तेव्हा मी काय म्हटलं ते तुझ्या लक्षात आहे, माझ्याही आहे. ‘आता येऊन काय करणार, सगळं उरकलंय.’ उरकलं नव्हतं. माणसं यायची होती. तू तिकीट काढत होतास हे मला तुझ्या आवाजावरून कळलं होतं.

त्याबद्दल मी तुझी माफी मागत नाही. पत्रात माफी मागणं फार स्वस्त पडतं. मी आधी जे करायचं ते करते. परवा सकाळी दुकान उघडायच्या वेळी औषधवाल्यांकडे जाणार आहे. तुझी पट्टी आली तरी जाणार, नाही आली तरी जाणार. मी तुझ्याकडून पट्टी मागत होते ती काकांसाठी कमी आणि मला तोंड उघडावं लागू नये म्हणून जास्त. कापडाच्या चार बोटांच्या तुकड्यानं बोलावं आणि मी मागे उभं राहावं, असा माझा बेत होता.

वकीलबाई म्हणाल्या, खोटं लिहून दिलं हे कबूल केलं तर औषधवाले कोर्टात प्रकरण करू शकतात, विचार करा. मी म्हटलं, विचार दोन महिने करून झालाय.

ताई

---

९ जून

बारक्या,

थोडक्यात लिहिते, कारण दमले आहे.

गेले. औषधवाले शटर वर करत होते. मी म्हटलं, ‘तुमच्याशी बोलायचंय, आणि तुम्ही बसून ऐका.’ त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः काउंटरमागे उभे राहिले. मी सगळं सांगितलं. शर्ट दोरीवरून नेला इथपासून ‘नाही’ म्हटलं इथपर्यंत. मध्ये एक बाई खोकल्याचं औषध न्यायला आल्या, त्या अर्ध्या गोष्टीपासून ऐकत थांबल्या आणि शेवटी सुटे पैसे न घेताच गेल्या.

औषधवाले म्हणाले, ‘म्हणजे कागदावर तुम्ही खोटं लिहून दिलंत.’

‘हो.’

‘आणि त्यावर विसंबून मी त्या माणसाला नोटीस दिली. त्यांच्या तोंडावर म्हटलं, पावती नाही तर भाडं भरलेलंच नाही.’ त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ‘मी प्रकरण करू शकतो, ठाऊक आहे ना?’

‘ठाऊक आहे. करा. पण आधी नोटीस मागे घ्या.’

बारक्या, माझा आवाज बरा होता. बाबा बँकेतल्या माणसाशी बोलायचे तसा.

ते म्हणाले, ‘ताई, मला दान नको आणि दंडही नको. बारा एप्रिलपासून जे माझं आहे ते मला द्या आणि काय घडलं ते लिहून द्या. बास.’ आणि कॅलक्युलेटर काढला.

पाच महिने आणि एकोणीस दिवस, ते म्हणाले. मी म्हटलं, साडेअठरा. सही दुपारी झाली. बारा तारखेला सकाळी दुकान आमचं होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पाकिटातली अर्धी गोळी मागतेय. पण मी हटले नाही. का हटले नाही ते मलाही नीट सांगता येणार नाही. ती शेवटची सकाळ मला देऊन टाकायची नव्हती. ते हसले, पहिल्यांदाच. म्हणाले, ‘बरं, अर्धी गोळी तुमची.’

तेव्हा पाच महिने आणि साडेअठरा दिवस. चेक तिथेच लिहिला. निम्मे माझे, निम्मे तुझे. तुझे मी आत्ता भरलेत, तू मला पाठवून दे. सोडून दिले असते, पण मग तो कोट पुन्हा कोणाच्या तरी मेहेरबानीचा झाला असता. तो आता तसा राहायला नको. बाबांचं देणं होतं, ते त्यांच्या दोन्ही पोरांनी फेडलं, असं मला हवं आहे.

औषधवाल्यांनी नोटीस मागे घेतल्याचा कागद केला, त्यावर शिक्का मारला आणि माझ्याबरोबर रस्ता ओलांडून काकांकडे आले. ‘माझी चूक नव्हती,’ ते काकांना म्हणाले, ‘पण शब्द माझे होते. ते मागे घेतो.’ काकांनी मान डोलावली आणि त्यांना बसायला सांगितलं. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, ‘बरं झालं पोरी. मला वाटलं होतं गप्प बसून सप्टेंबर काढशील.’

आता तुला पट्टी पाठवायची गरज नाही. कोट उसवू नकोस.

ताई

---

२७ जून

बारक्या,

तुझं पार्सल काल आलं. पोस्टाचा शिक्का एकतीस मेचा आहे. म्हणजे माझी शेवटची दोन्ही पत्रं तुला मिळायच्या आधीच तू ते टाकलंस. मी काय कबूल केलं हे काही ठाऊक नसताना टाकलंस. शिक्का मी चारदा पाहिला.

मला वाटलं पट्टीचं पाकीट असेल. उघडलं तर अख्खा कोट. वर तुझी चिठ्ठी. ‘पट्टी काढली, वाचली आणि परत शिवली. कापडापासून वेगळी करून पाठवायचा धीर झाला नाही. कोटच पाठवतो आहे. काम झालं की परत पाठवा. इथे ऑक्टोबरात थंडी पडते.’

तो तसाच घेऊन मी दुकानात गेले. काकांनी कोट पाटावर पसरला आणि पट्टीबिट्टी काही पाहिली नाही. आधी कोपरं पाहिली. दोन्ही कोपरं इतकी झिजलीत की आतलं कापड दिसतंय. कॉलर मानेला घासून गुळगुळीत. एक बटण वेगळ्याच जातीचं. काका हात फिरवत राहिले आणि म्हणाले, ‘रोज घातलाय यानं. रोजच्या रोज.’ मग खिशापाशी आले आणि थबकले. ‘ही कसली टीप? वाकडी, आणि दोरा निळा!’

मी म्हटलं, ‘त्यानं शिवली.’

‘दिसतंय,’ काका म्हणाले. ‘बरं झालं शिंपी नाही झाला.’

त्यांनी तुझी टीप उसवली. एवढ्यात औषधवाले आले, कोणीतरी त्यांना सांगितलं असणार. पट्टी मी वाचली, मोठ्यानं. ‘सांगणार: वडील. अंगावर: धाकटा. चुकता: भाड्यात, ऑक्टोबरपासून चोवीस महिने.’ खाली काकांची खूण, आणि तिच्याखाली बाबांची सही. सही आहे हे मला माहीत नव्हतं. काका म्हणाले, पट्टीवर गिऱ्हाइकाची सही ते कधी घेत नाहीत, बाबांनीच शाई मागून केली. ‘मी म्हटलं, कशाला, तुझा शब्द पुरे. तर म्हणाला, तुझ्यासाठी नाही रे करत.’

औषधवाल्यांनी सही नीट पाहिली, खरेदीच्या जुन्या कागदांवर त्यांनी बाबांची सही पाहिलेली आहे. म्हणाले, ‘हिशेब बरोबर आहे.’ मग म्हणाले, ‘ऑक्टोबरपासून मात्र रोख. पावती मी देईन, कागदाची.’ काका म्हणाले, ‘द्या. कुठेतरी शिवून ठेवीन.’

ते गेल्यावर मी त्या पाटापाशी उभी राहून रडले. लिहिते आहे, कारण या पत्रांत पुष्कळ लपवून झालंय. बाबांवर माझा राग होता तो गेला. त्यांना माझे हात दिसत नव्हते असं नाही. त्यांना माहीत होतं की मी इथे आहे. इथे असणाऱ्याची चौकशी माणूस करत नाही, हे आपल्या घराचं दुखणं आहे, आणि मीही तुझी केली नाही, तू तर तिकडे होतास.

तुझे पैसे मिळाले. पैशांबरोबर या वेळी पाच ओळी होत्या आणि खाली सही होती. शेवटच्या ओळीचं उत्तर मी पत्रात देणार नाही, समोर देईन.

आता कोटाचं. काकांनी कोपरांना आतून नवीन कापड लावलं, कॉलर उलटून बसवली, बटण बदललं. पट्टी होती तिथेच ठेवली आहे आणि खिसा आता सरळ शिवला आहे, काळ्या दोऱ्यानं. कोट दुकानात मागच्या खिळ्याला टांगलेला आहे, त्यावर चादर.

मी म्हटलं, ‘द्या, पार्सल करते.’ काका म्हणाले, ‘नाही.’

तुला त्यांचा नियम माहीत आहे. अंगावर घालून दाखवल्याशिवाय ते कपडा देत नाहीत. मंत्री असो की हमाल, आरशापुढे उभं राहायचं, हात वर, हात खाली, वाकून दाखव. एकदाच मोडला त्यांनी हा नियम, बाबांसाठी, आणि त्यात उजवी बाही अर्धा इंच लांब गेली असं त्यांना पावणेदोन वर्षं वाटतंय. बाही घासलेली पाहून त्यांची खात्रीच झाली आहे. म्हणाले, ‘या वेळी मी कोणाचं ऐकणार नाही. ज्याचं अंग, त्यानं यावं.’

मीही त्यांना आग्रह केला नाही.

आमच्याकडे मधली खोली रिकामी आहे. तुझे भाऊजी तिथली सायकल हलवतो म्हणालेत, आणि हलवली नाही तर मी हलवीन. तीस सप्टेंबरपर्यंत त्या दुकानाचं भाडं बाबांनी घेतलेलं आहे. तोवर तिथला प्रत्येक दिवस त्यांच्या हिशेबातला आहे. त्याच्या आत ये.

ताई